आर्डिसची डावी पेटी

— नाही, नाही, ती फवाऱ्याची बाटली ठेवा खाली. अहो, खरंच ठेवा. माझ्या गॅरेजात पेटीच्या खटक्यावर कुणी तेल मारत नाही — मी नाही, आणि गिऱ्हाईक तर नाहीच नाही. तेल मारलं की आज उघडेल, उद्याही उघडेल, आणि परवा तुम्ही खडीच्या रस्त्याला लागलात की सगळी धूळ त्या तेलावर जाऊन बसेल, आत चिखल होईल, मग बसा झाकणाला गुडघा लावून. लावताच की तुम्ही — मघाशी बघितलं मी खिडकीतून. गुडघ्याने झाकण दाबायचं, चावी फिरवायची, वर एक शिवी हासडायची. सगळे तेच करतात. तुमच्या गाडीला नावं ठेवत नाही हं मी, लांब पल्ल्याच्या सगळ्याच मोटरसायकलींची ही तऱ्हा — बाजूच्या पेट्या दिसायला राजेशाही, संसार मावेल एवढ्या, आणि खटका मात्र खेळण्यातला. बसा. त्या टायरवर बसा, स्वच्छ आहे. अर्धा तास लागेल. घाई आहे? घाई सगळ्यांनाच असते, डोंगर काही पळून जात नाहीत पश्चिमेचे. कॉफी घ्या, सकाळची आहे, पण आहे.

हे बघा, आतल्या बाजूने दोन स्क्रू, एवढंच. निघाला. आता हा आकडा — बोट फिरवा — लागली कोर? केसाएवढी उठलीय, पण तीच अडवते. बारीक पॉलिश पेपरचे आठ-दहा हात मारायचे, जोर नाही लावायचा, मांजर कुरवाळल्यासारखं. मग रॉकेलमध्ये ब्रशने धुवायचं, वाळवायचं, आणि वर शिसपेन्सिलीची पूड. हो, शाळेतली पेन्सिल. हसा. पुडीला धूळ चिकटत नाही. आणि हे झाकणाच्या कडेचं रबर उन्हात तापलं की च्युइंगगमसारखं धरून बसतं, त्याला लहान बाळाची पावडर. झालं. यात विद्या कसली नाही, फक्त बसून करावं लागतं. कुणी बसत नाही. मी तरी कुठे बसत होतो? — मी, ज्याचं नाव पाटीवर लिहिलंय, व्हर्लिन, दुरुस्ती आणि सुटे भाग, एकोणचाळीस वर्षं.

ती? ती आर्डिस. माझी बायको. बघून घ्या, फोटो जुना आहे. हो, गाडी तिचीच — माझी नाही, तिची. उंची पाच फुटाला दोन बोटं कमी आणि गाडी चारशे किलोची. सीटचा फोम मीच कापून दिला, पाय टेकावेत म्हणून, तरी बुटाचे चवडेच टेकायचे. उतारावर थांबली की माझा जीव वर-खाली, आणि ही मस्त गाणं म्हणत उभी. गळा भसाडा. शाळेची बस चालवायची ती, सव्वीस वर्षं. बेचाळीस पोरं, बेचाळीस शेतघरं, कुणाची आजी आजारी, कुणाला शेंगदाणे चालत नाहीत, कुणाचा वाढदिवस बुधवारी — सगळं डोक्यात, कागदाचा चिटोरा नाही. मी वाणसामानाला गेलो की तीन वस्तू सांगायची, मी दोन आणायचो. ती नाही. ती काही म्हणजे काही विसरायची नाही. हे मी तुम्हाला मुद्दाम सांगतोय.

मुद्दाम म्हणजे — जाऊ दे. तो पाना द्या जरा. छोटा. हां.

तिला मधमाशी चालायची नाही. लहानपणी चालायची, बापाच्या पेट्या होत्या मधाच्या, उघड्या हातांनी काम करायची. पण पन्नाशीत एकदा बसच्या दारात चावली आणि घसा असा सुजला की दवाखान्यात दोन रात्री ठेवलं. तेव्हापासून ते इंजेक्शन — जाड पेनासारखं असतं बघा, मांडीत खुपसायचं, पँटवरूनच. कायम जाकिटाच्या छातीच्या खिशात. आणि आमच्याकडे काय, जुलैत क्लोव्हरचं गवत फुलतं, मैलच्या मैल पिवळं, आणि कडेला पांढऱ्या पेट्यांच्या रांगा. मध हवा तेवढा. मी म्हणायचो, बाई, गाडी सोड, मोटारीत काच लावून बस. म्हणायची, "व्हर्ल, काचेत तर लोणचं घालतात."

सहा वर्षं झाली जुलैत. त्या आठवड्यात तुमच्यासारखे सतराशे साठ आले होते, मोटरसायकलींचा मेळा जवळ आलेला, रांग पार रस्त्यापर्यंत. चौदा खटके केले मी त्या आठवड्यात, परक्यांचे, एकेक असा, बसून, पुडीसकट. आणि ही म्हणत होती, "व्हर्ल, माझा डावा परत अडतोय." म्हटलं, बघतो. दुसऱ्या दिवशी, "व्हर्ल, डावा." म्हटलं, रविवारी. रविवारी तिच्या बहिणीकडे जायला निघालो आम्ही, दोघं दोन गाड्यांवर, दोन तासांचा रस्ता. गाड्या दारात चालू. ती म्हणाली, "आता तरी बघ." मी बाटली उचलली — ही नाही, अशीच — आणि फुस्स फुस्स, दोनदा. खटका उघडला, मिटला, उघडला, लोण्यासारखा. म्हटलं, "घे, झाला नवा!" ती म्हणाली, "मेकॅनिकशी लग्न केल्याचा फायदा." असं म्हणाली. थट्टेत.

आणि ते इंजेक्शन — ते मी काढलं तिच्या खिशातून. ती नाही, मी. ऊन असं होतं की डांबर पाघळत होतं, आणि औषधवाल्याने सांगितलेलं, गरम होऊ देऊ नका, वाया जातं. काळं जाकीट, छातीवर ऊन. मी म्हटलं, दे इकडे, जेवणाच्या थंड पिशवीत ठेवतो. ठेवलं पिशवीत, पिशवी पेटीत. डाव्या. उजवीत तिने बहिणीसाठी मुरंब्याच्या बाटल्या भरल्या होत्या, जागा नव्हती. चांगल्यासाठीच केलं हो. माणूस जे काही करतो ते —

थांबा, स्प्रिंग उडाली. तुमच्या बुटाजवळ. मिळाली? बरं झालं, नाहीतर हिच्यासाठी दुकान झाडावं लागलं असतं.

अर्ध्या वाटेत रस्त्याचं काम चाललं होतं, बारा मैल नुसती खडी. धूळ म्हणजे पीठ. ती पुढे, मी मागे, धूळ खात. खडी संपली, पुन्हा डांबर लागलं, पुन्हा दोन्ही बाजूंना पिवळं. मग बघतो तर तिने गळ्याला हात लावला. एकदा. गाडी कडेला घेतली आणि उतरली नाही — गाडीच आडवी झाली, उजव्या अंगावर, तीही तिच्याबरोबर. मी पोचलो तर गळ्यातल्या रुमालाखाली मधमाशी, अजून हलत होती. आर्डिस म्हणाली, "इंजेक्शन." अगदी शांत. बसमधल्या पोराला सांगावं तशी. मी चावी लावली. फिरली चावी. खटका नाही उघडला.

परत लावली. गुडघा लावला. बुक्की मारली. दीड तासापूर्वी लोण्यासारखा होता हो! माझी हत्यारं माझ्या गाडीत, मी धावलो, लोखंडी टॉमी आणली, झाकणाच्या फटीत घालून उचकटायला लागलो, ते फायबर असतं ना, तुटत नाही, वाकतं, परत बसतं. आणि ती माझ्याकडे बघत होती. ओरडली नाही. ओरडायला श्वासच — तिचे ओठ — मी तिच्याकडे बघत नव्हतो, मी त्या खटक्याकडे बघत होतो. चार मिनिटं असतील, सहा असतील, मला नका विचारू. तुटलं शेवटी. काढलं, मांडीत खुपसलं, दहापर्यंत मोजलं, डबीवर लिहिलंय तसं. मग परत दहा मोजले.

एक शेतकरी थांबला पिकअप घेऊन, त्याने फोन लावला. रुग्णवाहिका आली अर्ध्या तासाने. त्यात एक बाई होती, माझ्या मुलीच्या वयाची, तिने सगळं करून बघितलं, अंगावर चादर घातली, आणि मला विचारलं — हळूच, वाईट हेतूने नाही — "यांच्याजवळ इंजेक्शन नव्हतं का?" आणि मी म्हणालो, "घरी राहिलं. विसरली ती."

रिकामं इंजेक्शन माझ्या खिशात होतं. मांडीला टोचत होतं.

का म्हणालो? तुम्ही विचारलं नाहीत, मीच विचारतोय. सहा वर्षं विचारतोय. तोंडातून गेलं. एकदा गेलं की ते जगात जाऊन बसतं आणि आपल्याआधी घरी पोचतं. माझी मुलगी ब्रिट आली लिंकन शहरातून, रात्रभर गाडी चालवून, तर दारातच म्हणाली, "विसरली? आई विसरली?" तेव्हा सांगायला हवं होतं. दारात. मी म्हटलं, "साठीनंतर होतं गं असं." बघा, कसं जमतं एकेक. चर्चमध्ये लोक म्हणाले, बिचारी विसरली. बेचाळीस पोरांचे आईबाप म्हणाले. गाडी आडवी पडलेली सगळ्यांनी ऐकलं होतं, तेव्हा झाकण कसं तुटलं हे कुणी विचारलंच नाही. मी गाडी मागच्या शेडात नेली, ताडपत्री घातली, संपलं.

संपतंय कसलं! ब्रिटला मुलगी आहे, टिली, आता नऊ वर्षांची. तिलाही मधमाशी चालत नाही, आजीवर गेली. थँक्सगिव्हिंगच्या सणाला सगळे जमलो की टर्की कापायच्या आधी ब्रिट तिला विचारणार, "टिली, इंजेक्शन कुठाय?" ती दप्तर दाखवणार. "आजीसारखं विसरायचं नाही, कळलं?" — "कळलं." दर वर्षी. आजीसारखं. मी टर्की कापत असतो. एका वर्षी ती पोर मला म्हणाली, "आजोबा, आजी वेंधळी होती का हो?" मी म्हणालो — काय म्हणालो माहितीये? — म्हणालो, "थोडीशी."

थोडीशी!

कॉफी घ्या ना. गार झाली? नका घेऊ मग.

या ईस्टरला ब्रिट आईच्या मुरंब्याच्या बरण्या शोधायला मागच्या शेडात गेली. मी म्हटलं, मी आणतो, थांब — तोवर गेली. मी मागोमाग गेलो तर ताडपत्री खाली, आणि ही डाव्या पेटीपाशी उकिडवी बसलेली. डाव्या. गाडी पडली उजव्या अंगावर, ओरखडे उजवीकडे. डावीकडे एक ओरखडा नाही — नुसते झाकणाच्या ओठावर दात उमटलेत टॉमीचे, सात की आठ, आणि खटक्यात अजून ते काळं, तेल आणि धूळ, वाळून दगड झालेलं. दुसऱ्या कुणाला काही कळलं नसतं. पण ती या गॅरेजात वाढलीय हो. या बाकावर गृहपाठ केलाय तिने. पाना कुठला, टॉमी कुठली, तेल कुणी मारलं, सगळं वाचता येतं तिला. तिने बोट फिरवलं त्या दातांवरून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग खटक्यावरून. मग बोट हुंगलं. मी दारात उभा. तिने माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. उठली, ताडपत्री नीट घातली, कोपरे आत खोचले, आणि म्हणाली, "बाबा, बरण्या कुठल्या फळीवर आहेत?"

एवढंच. वर जेवलो सगळे, हॅम होतं, बटाटे होते. निघताना टिली दप्तर घेऊन धावत आली, तर ब्रिटने तिला थांबवलं, दप्तरातून इंजेक्शन काढलं, आणि एक पट्टा होता, तो पोरीच्या कमरेला बांधून त्यात घातलं. म्हणाली, "आजपासून इथे. दप्तरात नाही, पेटीत नाही, कशाच्या आत नाही. अंगावर." पोर म्हणाली, "म्हणजे आजीसारखं विसरणार नाही." तर ब्रिट म्हणाली, "आजी काही विसरायची नाही." पट्टा ओढता ओढता. माझ्याकडे पाठ करून.

झाला तुमचा. लावून बघा. एका बोटाने. नाही, गुडघा नको, एका बोटाने — हां. तसाच राहील. पावसातसुद्धा.

काय म्हणालात? — नाही. नाही बोललो. तीही नाही बोलली. फोन करते ना, दर रविवारी, सहा वाजता, चुकत नाही. माझा गुडघा, तिचं ऑफिस, टिलीचा फुटबॉल. आणि ईस्टरपासून एक नवीनच — सगळं बोलून झालं की ती ठेवत नाही फोन. गप्प राहते. श्वास ऐकू येतो. पाच सेकंद, दहा सेकंद. माझ्यासाठी जागा करून देते ती, कळतं मला, मूर्ख नाही मी. तेवढ्या जागेत एक वाक्य बसतं. मला पाठ आहे ते वाक्य, गाडी धुताना म्हणून बघतो, कुत्र्याला म्हणून दाखवलंय. आणि मग मी म्हणतो, "इकडे वारा फार सुटलाय." ती म्हणते, "जप, बाबा." ठेवते.

हे मी तुम्हाला का सांगितलं देव जाणे. तुम्ही परत यायचे नाही म्हणून असेल. नको, खांद्यावर हात नको ठेवू — नका ठेवू. पाकीट आत घाला, पेन्सिलीच्या पुडीचे काय पैसे घ्यायचे! उजव्या हाताला वळा, चार मैलांवर हमरस्ता लागतो. मध्ये थोडी खडी आहे, सावकाश घ्या.

निघा आता. मला दार ओढून घ्यायचंय. आज रविवार आहे.