फक्त काळा केस

खांदा कॉलनीतल्या स्किन क्लिनिकमध्ये मी नंबरची वाट बघत होते. केबिनमधून आधी एक कॉलेजातली मुलगी बाहेर आली. मग बऱ्याच वेळानं तिची पन्नाशीची आत्या आली, पदरानं हनुवटी झाकत.

"मला लेझरची आठ सिटिंग लागतील, आत्या. दर दीड महिन्यानं एक."

"यकदम नाय जालता येत?"

"सगळे केस एकाच वेळी वाढत नाहीत. आज जे झोपलेत, ते पुढच्या वेळी."

"मंग तवर दोरा फिरव."

"दोरा बंद. मूळ आत राहिलं पाहिजे. लेझर त्यातल्या काळ्या रंगाला धरतं आणि मूळ जाळतं. तोवर नुसतं रेझर."

"बाप्यांसारका?"

"हो."

"पन मंग कायमचा जाईल ना?"

"माझा हार्मोन्सचा त्रास आहे ना. थोडे परत येतच राहणार."

"तरी तू कर. मी चिमट्यानं उपटायची. मना बघाया आलेले दोगंबी हनुवटी बघून उठले. मंग कोन आलाच नाय."

"माहितेय गं. पण तू आत मागे थांबून काय विचारत होतीस?"

"माजा पन करा, म्हनून सांगितला."

"मग?"

"मशीनला काला केसच दिसतो, म्हने. माजे पांढरे जाले."

"आत्या…"

"सगल्या गावाला दिसत व्हते गं. यका मशीनलाच दिसत नाय."