काये की कामिनो

मले ऑनलाइन स्पॅनिश शिकवणाऱ्या एलेना मॅडम भारत फिरता फिरता आमच्या घरी आल्या, तवाची गंमत ऐका. आमचं घर बाळापूरच्या बाहेर, शेतात. गावात उतरून त्यायनं फोन केला. मी ऐटीत स्पॅनिशमधे सांगितलं, "शाळेमागची 'काये' धरा."

काये म्हणजे गावातला, घरांमधला रस्ता. मॅडम भर उन्हात गल्ल्या फिरत राहिल्या. शेवटी रडवेल्या आवाजात पुन्हा फोन आला. तवा कुठं माह्या डोक्यात उजेड पडला, आमची तर पांदण! "मॅडम, काये नाही, कामिनो! शेतातून जाते ती वाट!"

मॅडम लालबुंद होऊन दारात पोचल्या. आईनं पाणी देल्लं अन् त्यायचे दोन्ही हात धरले. "तुमच्यामुळं पोरीले नोकरी लागली बाई, लय उपकार झाले. पण जातानी रस्ता इले इचारू नका, मी येतो संगं."