सूचक आधी

एका छोट्या पक्षाचं राष्ट्रीय अधिवेशन रायपुरात नुकतंच संपलं होतं. अभनपूरच्या बसच्या रांगेत माझ्या मागे त्यातले दोघं उभे होते. एकाच्या गळ्यात अजून झेंडूचा हार होता.

"भास्करभाऊ, हार काढा आता. लोक पाहून राहिले."

"पाहू द्या, कुमुदताई. राष्ट्रपतिपदाचा उमेदवार रांगेत रोज कुठं दिसते?"

"अर्जावर पन्नास आमदार-खासदार सूचक लागतात, पन्नास अनुमोदक. आपला तं एकही नाही. अर्ज बाद होईन."

"मालूम आहे मले."

"मंग उमेदवारीले हव काहून म्हटलं?"

"तीस वर्षं दर अधिवेशनात मी दुसऱ्याच्या नावाले अनुमोदन देत आलो. माझं नाव आज पहिल्यांदा कोणी सुचवलं. तुमी."

"आन् तुमीच उठून अनुमोदन दिलं. सोताच्याच नावाले."

"सवय, ताई. नाव आलं की पाय आपोआप उठतात. लाजून खाली बसत होतो, तं पाह्यलं, सारा हॉल उभा."

"हसत हसत उठलो आमी."

"हसत का होईना. इतके लोक माझ्यासाठी कधी उभे झाले नव्हते."

"बस आली. चढा, उमेदवार."

"नाही, ताई. सूचक आधी."