कमरेचं पिस्तूल

टेक्सासातल्या आमच्या गावात सकाळी नदीकाठी पळण्याचा व्यायाम करून आलेली माणसं थेट टाको नावाच्या मेक्सिकन पोळ्यांच्या गाडीपुढे रांग लावतात. आज माझ्या पुढे दोघी बहिणी होत्या. सुरुवात थोरल्या मार्लीननं केली.

“ट्वायला, मी दिलेलं पिस्तूल कमरेला लावून पळतेस ना?”

“लावते गं बाई. सदऱ्याखाली सारखं घसरतं मेलं. परवा तर एक माणूस माझ्या मागेच लागला.”

“अगं बाई! मग?”

“मी जोरात पळाले, तर तोही जोरात. वर ओरडतोय, ‘थांबा, थांबा!’”

“मग काढायचं ना पिस्तूल!”

“काढायलाच हात घातला, तर पट्टा रिकामा.”

“आणि पिस्तूल?”

“त्याच्या हातात.”

“मेले मी!”

“अगं, वाटेत पडलेलं परत द्यायला धावत होता बिचारा. नळी जमिनीकडे धरून. धापा टाकत मलाच म्हणतो, ‘जपून पळत जा, दिवस वाईट आहेत.’”

“दिसायला कसा आहे?”

“मार्लीन!”

“लग्न झालंय त्याचं?”

“नाही. शनिवारी जेवायला बोलावलंय मला.”

“बघ! तरी मी सांगत होते, पिस्तूल जवळ असू दे, कधीतरी उपयोगी पडेल!”