पांढऱ्यावर पांढरं

आता विषय भरतकामाचा निघालाच आहे, तर आमच्या मायचं सांगतो. सन सत्तरच्या आसपास वस्तीतल्या बायांनी मिळून छप्पन सालच्या धम्मदीक्षेच्या दिवसाचा मोठा पडदा भरायला घेतला होता. कापड पांढरंशुभ्र. कोणी बैलबंडी काढली, कोणी रेल्वे स्टेशन. मायच्या वाट्याला आली गर्दी, आणि तिनं ती चक्क पांढऱ्या दोऱ्यानं भरली.

मी म्हटलं, "काहून वं माय, दिसन तरी का हे?"

"त्या दिवशी सारेच पांढऱ्यात होते ना गा. मी का त्याहिले आता रंगीत कपडे घालू?"

त्या गर्दीत तिनं तिचा बाप काढला होता, कुही गावाहून काठी टेकत दीक्षेला आलेला. त्याचा फोटो कोणाकडेच नव्हता.

पडदा समाजमंदिरात लागला तेव्हा मी तिला घेऊन गेलो. गर्दीच्या वरूनच लाल दोऱ्यात ठळक अक्षरं भरली होती, उद्घाटनाला येणाऱ्या पाहुण्या साहेबांचं नाव, पदवीसकट. मंडळाचे चिटणीस खुशीत म्हणाले, "मावशी, एवढी जागा कोरीच राहून गेली होती. बरं झालं, नाव बरोबर बसलं."

माय पडद्यापाशी सरकली. अक्षरांच्या कडेनं बोट फिरवत गेली आणि एका जागी थांबली. काठीचं टोक तेवढं बाहेर उरलं होतं.

मी हळूच विचारलं, "माय, लाल दोरा उसवून टाकू का?"

"नको गा," ती म्हणाली. "त्याच्यासंग माहा बाबाही उसवून जाईन."