तुमची नदी कोणती?

रायपूर स्थानकाच्या आरक्षण खिडकीपुढे स्नेहलच्या समोर एक वृद्ध जोडपं उभं होतं. दोघं कायमची गावी परतायला निघाली होती, आणि त्यांतलं एकच राजी होतं.

"लेकानं न्यूझीलंड दाखवाले नेलं, त्या माओरी बुवानं नाकाले नाक लावलं, तवा कसे लाजले होते तुमी!"

"नातू हसून राहिला होता ना."

"मंग बुवानं इचारलं, तुमची नदी कोणती? त्यायची रीतच हाये, मानसाच्या नावाआधी नदी."

"हव, आठवते."

"लगन झाल्यापासून आयकून राहिली मी, आपली गावची वैनगंगा, आपली वैनगंगा. तिथं काय सांगतलं?"

"तोंडून निंघून गेलं."

"काय निंघून गेलं?"

"खारून."

"म्या तं शिकवलं नोतं."

"चूप राय, अंजना. लोक आयकून राहिले."

"आयकू द्या. तेही रायपूरचेच, खारूनचंच पाणी पेतात."

स्नेहलने नजर मोबाइलवर वळवली. रांग पुढे सरकली.

"भंडारा रोड, दो टिकट," खिडकीतल्या बाबूने त्यांचा फॉर्म वाचत विचारलं, "सिर्फ जाने का?"

म्हातारबुवांनी फॉर्म परत मागून घेतला.

"नहीं भैया. आने का भी."