मागं राहिलेली पात

यवतमाळच्या दवाखान्यात अनघाताई आपल्या नंबरची वाट पाहत बसल्या होत्या. डॉक्टरांच्या खोलीतून बोरी अरब गावच्या दोन जावा बाहेर आल्या आणि औषधासाठी शेजारच्या बाकावर टेकल्या. धाकटी पंचेचाळिशीची, भर एप्रिलात शाल पांघरलेली. तिचा रिपोर्ट थोरलीच्या हातात होता.

"थायरॉईड निघालं वं, पंचफुला. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी. बस, एवढंच होतं."

"मले वाटे, पाळी जायचं वय हाय, असंच होत असन."

"मलेही तसंच वाटलं. माही पाळी गेली तवा मी कुठं दिवसा निजली होती? म्हून तुह्यावर चिडो."

"जाऊ द्या, जाऊबाई."

"कशी जाऊ देऊ? औंदा कापसाले भाव नाही म्हून मजूर लावले नाही, आपणच अन् शेजारणी एकेक ओळ धरून वेचाले होतो. जिची पात मांगं राहे, तिच्या मदतीले साऱ्या वापस जात. तुह्या पातीत मी कोणाले जाऊ नाही देल्लं. म्हन्लं, नाटकं करते, राहू द्या एकटी."

"मले आयकू आलं होतं."

अनघाताईंचा नंबर पुकारला. त्या उठल्या नाहीत.

"अंधार पडेपर्यंत वेचत होती तू."

"घरी जातानी वावराच्या धुऱ्यावरून तुमी एकडाव वळून पाह्यलं होतं. मले वाटलं, आता येसान."

"दोन पावलं आली होती, पंचफुला. मंग वाटलं, बाया हासतीन."